शब्दाची साथसंगत

अलीकडे आपल्या शहरांतून साहित्यवाचनास नव्या तऱ्हेच्या संगीताची जोड देण्याचा प्रघात रूढ होत चालला आहे. कोणी कविता वाचतो, कोणी कथा वाचतो, कोणी जुनीं पत्रें वाचून दाखवितो. आणि त्याच्या शेजारीं बसलेला दुसरा मनुष्य विजेच्या यंत्रांतून, ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे एकमेकांस जोडून, किंवा परिचित वाद्यें अपरिचित रीतीनें हाताळून कांहीं ध्वनि निर्माण करीत असतो. ह्या ध्वनीस राग नसतो, ताल नसतो, आणि त्यास गायन म्हणावें कीं गोंगाट म्हणावें याचाहि निर्णय श्रोत्यास पुष्कळदां करितां येत नाहीं. परंतु केवळ अपरिचित म्हणून एखाद्या गोष्टीस नांवें ठेवणें सुसंस्कृत वाचकास शोभत नाहीं. म्हणून ह्या प्रयोगांकडे आवडीनिवडीच्या दृष्टीनें न पाहतां नीतीच्या दृष्टीनें पाहावें असें आम्हांस वाटूं लागलें आहे. तसें वाटण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो प्रथम सांगतों.

गेल्या हिवाळ्यांत पुण्यांतील एका लहान सभागृहांत एका दिवंगत लेखकाची कथा वाचली जावयाची होती. कथा आमच्या जुन्या ओळखीची. एक विधुर शाळामास्तर आपल्या एकुलत्या एका मुलीचें लग्न उरकून, तिची पाठवणी करून रात्रीं घरीं परततो. संवयीनें स्वयंपाकघरांत दोन पाट मांडतो. मग त्यांतला एक उचलतो आणि भिंतीशीं उभा करून ठेवतो. कथा येथें जवळजवळ संपते. कारण यानंतर मास्तर दुधाचें भांडें झांकलें आहे कीं नाहीं एवढें पाहतो आणि दिवा मालवतो. वाचणारा तरुण चांगला होता. त्याचे उच्चार स्वच्छ होते. साथीस बसलेला तरुणहि आपल्या कामांत निष्णात दिसला. मास्तर घरांत शिरला तसा त्यानें एक खोल घुमारा सुरू केला. त्यांत सारंगीचे तुटलेले, उलटे फिरविलेले सूर येऊन मिसळले. आणि पाटाच्या वाक्यापाशीं तो सारा ध्वनि एवढा चढला कीं सभागृहाच्या भिंती कांपत आहेत असा भास झाला. आमचे डोळे भरून आले. आजूबाजूसहि रुमाल निघाले.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जिन्यापाशीं आलों तेव्हां शेजारच्या खुर्चीवर बसलेले वृद्ध गृहस्थ मागून आले. तेहि आंत डोळे पुशीत असतांना आम्हीं पाहिले होते. ते आमच्याकडे वळून हलक्या आवाजांत म्हणाले, “अहो, त्या मास्तरानें शेवटीं काय केलें हो? आवाजांत मला तेवढेंच ऐकूं आलें नाहीं.”

ह्या प्रश्नानें आम्ही चमकलों. त्यांनीं तें वाक्य ऐकलेंच नव्हतें, आणि तरीहि ते रडले होते. मग ते कशासाठीं रडले? आणि आम्हांस तर तें वाक्य पूर्वींपासून ठाऊक होतें. पूर्वीं तें वाचतांना आम्ही कधीं रडलों नव्हतों, केवळ पुस्तक मिटून कांहीं वेळ बसून राहिलों होतों. मग ह्या वेळीं आम्ही तरी कशासाठीं रडलों?

घरीं आल्यावर पुस्तक काढून तें पान पुन्हा पाहिलें. लेखकानें त्या ठिकाणीं एकहि विशेषण वापरलेलें नाहीं. दुःख हा शब्द नाहीं, एकटेपणा हा शब्द नाहीं. पाट आहे, भिंत आहे, दुधाचें भांडें आहे. ज्याला मास्तराचें दुःख कळेल त्याला तें पाटावरून कळेल, आणि ज्याला कळणार नाहीं त्याच्यावर तें लादावयाचें नाहीं, असा लेखकाचा संयम होता. ज्यानें आपले अश्रु जाणूनबुजून आवरले, त्याच्या नांवावर आम्हीं ते सभागृहांत ढाळून आलों होतों. तेव्हांपासून एक प्रश्न मनांत घर करून बसला आहे: शब्दाची साथ करणारा त्या शब्दाचें काय देणें लागतो?

कोणी म्हणेल कीं हा प्रश्नच उपस्थित होण्याचें कारण नाहीं; शब्द आणि सूर यांची सोयरीक आपल्याकडे शेंकडों वर्षांची आहे. तें खरें आहे. आपला कीर्तनकार टाळ-मृदंगाच्या साथीनेंच उभा राहतो. परंतु कीर्तनाची रीत नीट पाहिली तर असें दिसेल कीं तेथें ह्या सोयरिकीचे नियम कडक आहेत. नारदीय कीर्तनांत पूर्वरंगीं निरूपण येतें आणि उत्तररंगीं आख्यान येतें. अभंग गाऊन होतो, टाळ थांबतात, आणि मग बुवा साध्या बोलीनें अर्थ सांगूं लागतात. अर्थाच्या वेळीं वाद्यें गप्प असतात किंवा अगदीं मागें सरतात. शिवाय अभंग श्रोत्यांस पाठ असतो, आख्यान त्यांनीं लहानपणापासून ऐकलेलें असतें. त्यामुळें एखादा शब्द मृदंगांत बुडाला तरी तो श्रोत्याच्या मनांत आधींच उभा असतो. पुण्याच्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं १९२३ नंतरच्या काळांत काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली, तेव्हां मात्र नव्या, कोणास पाठ नसलेल्या कवितेस गळ्याची जोड मिळूं लागली. टाळ्या पडल्या त्या कवितेस कीं गळ्यास, ही शंका येण्यास तेव्हांपासूनच जागा झाली आहे. आजच्या विजेच्या यंत्रांनीं ती शंका निर्माण केलेली नाहीं. फक्त तिचा आवाज वाढविला आहे.

पश्चिमेकडील कलावंतांनीं ह्या प्रश्नाचीं उत्तरें आपल्यापेक्षां अधिक धाडसानें शोधलीं आहेत; म्हणून थोडें तिकडे पाहणें अस्थानीं होणार नाहीं. १९१२ च्या ऑक्टोबरांत बर्लिन येथें आर्नोल्ड शेनबर्ग ह्या संगीतकारानें ‘पिएरो ल्यूनेर’ ही एकवीस कवितांची रचना सादर केली. कविता मूळ आल्बेर जिरो ह्या बेल्जियन कवीच्या. त्यांचें जर्मन रूपांतर एका स्त्रीनें गाणें व बोलणें यांच्या सीमेवरील एका विचित्र स्वरांत म्हटलें. ह्या रचनेच्या प्रस्तावनेंत शेनबर्गनें बजावून ठेवलें आहे कीं म्हणणाऱ्यानें भाव शब्दार्थावरून ठरवावयाचा नाहीं, तो केवळ संगीतावरून घ्यावयाचा आहे. म्हणजे येथें संगीत धनी आणि शब्द चाकर. हें कोणास रुचो वा न रुचो, त्यांत लपवाछपवी नाहीं. पुढें १९२३ च्या जून महिन्यांत लंडनच्या इओलियन हॉलमध्यें एडिथ सिट्वेल ह्या कवयित्रीनें आपल्या ‘फसाड’ नांवाच्या कविता लोकांपुढें म्हटल्या. संगीत विल्यम वॉल्टन ह्या एकवीस वर्षांच्या तरुणाचें होतें. बाई स्वतः एका रंगविलेल्या पडद्यामागें उभ्या होत्या आणि पडद्यांतून पुढें काढलेल्या कर्ण्यांतून बोलत होत्या. वाचणाऱ्याचें व्यक्तित्व दूर व्हावें आणि शब्दाचा नाद तेवढा राहावा असा त्यांत हेतु होता. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं त्याची थट्टा केली. तरी आपला चेहरा पुढें करून सहानुभूति मिळविण्याचें नाकारणारी ही बाई आमच्या मतें थट्टेस पात्र नव्हती.

परंतु आमच्या प्रश्नाच्या अगदीं मुळाशीं जाऊन भिडणारा प्रयोग अमेरिकेंतील जॉन केज ह्यानें केला. हा शेनबर्गचाच एके काळचा विद्यार्थी. १९५२ सालीं ज्यानें वादकास पियानोपुढें चार मिनिटें तेहतीस सेकंद कांहीं न वाजवितां बसविलें तोच हा गृहस्थ. १९५८ मध्यें ब्रुसेल्स येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें व्याख्यान न देतां तीस गोष्टी वाचून दाखविल्या. पुढल्या वर्षीं न्यूयॉर्कमध्यें त्यांच्या नव्वद झाल्या. ‘इन्डिटर्मिनसी’, म्हणजे अनिश्चितता, असें ह्या वाचनाचें नांव असून त्याची ध्वनिमुद्रिका १९५९ सालीं निघाली. गोष्टी अगदीं घरगुती आहेत: कधीं रानांत अळंबीं गोळा करावयास गेल्याची, कधीं आपल्या गुरूची, कधीं जपानी पंडित सुझुकी यांच्या वर्गाची. नियम एवढाच कीं प्रत्येक गोष्ट बरोबर एका मिनिटांत वाचून संपली पाहिजे. गोष्ट लांब असेल तर केज भरभर वाचतो. दोन ओळींची असेल तर एकेका शब्दाच्या मध्यें एवढा थांबतो कीं श्रोत्यास आपला श्वास ऐकूं यावा. आणि साथ? साथीदार डेव्हिड ट्यूडर हा ध्वनिमुद्रणाच्या वेळीं दुसऱ्या एका खोलींत बसला होता. केज कोणती गोष्ट वाचीत आहे हें त्यास ऐकूं येत नव्हतें, आणि ट्यूडर काय वाजवीत आहे हें केजला ऐकूं येत नव्हतें. एकानें नव्वद मिनिटें वाचावें, दुसऱ्यानें नव्वद मिनिटें पियानोवर आघात करावे, तारा खरवडाव्या, मधून मधून ध्वनिफितींतील आवाज सोडावे. दोहोंची गांठ पडेल ती श्रोत्याच्या कानांत.

हें ऐकून आमचे पुष्कळ वाचक कपाळास आंठ्या घालतील, हें आम्ही जाणतों. प्रथम आम्हींहि घातल्या. परंतु त्या सभागृहांतील प्रसंगानंतर ही मुद्रिका पुन्हा ऐकली तेव्हां तिचा एक गुण आमच्या ध्यानांत आला. विनोदी गोष्टीवर कधीं भयंकर गडगडाट होतो, गंभीर गोष्टीच्या वेळीं कधीं सर्व शांत असतें. आणि त्यामुळें कोठें हंसावें, कोठें गहिंवरावें याची सूचना त्या संगीतांतून कधींच मिळत नाहीं. हर्षाची वा शोकाची खूण करणारा कोणी नसल्यामुळें ती निवड श्रोत्यास स्वतः करावी लागते. ट्यूडर शब्दाची सेवा करीत नाहीं, परंतु तो शब्दाच्या वतीनें खोटी साक्षहि देत नाहीं. तो शेजारचा परका मनुष्य आहे, आणि परका म्हणूनच वागतो.

येथें आपल्या देशाशीं असलेला एक धागा सांगण्यासारखा आहे. १९४६ सालीं अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्क येथें केजकडे पाश्चात्य संगीत शिकावयास गेल्या होत्या आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं त्यास हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली. मन शांत व निवळ करून त्यास दैवी प्रेरणेचें ग्रहण करण्यास योग्य बनविणें हें संगीताचें प्रयोजन होय, अशी आपल्या गुरूची शिकवण त्यांनीं त्यास सांगितली, आणि ती तो आयुष्यभर विसरला नाहीं. पुढें १९६९ मध्यें ट्यूडरनें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत विजेच्या ध्वनियंत्रांची शाळा उभारण्यास हातभार लावला. तेव्हां हीं यंत्रें आपल्याकडे कालपरवां आलीं असें समजण्याचें कारण नाहीं. गीताबाईंच्या त्या शिकवणीचा विचार करितांना आमच्या डोळ्यांपुढें तंबोरा उभा राहतो. गायक ‘पिया गेला’ म्हणो कीं ‘पिया आला’ म्हणो, तंबोरा आपला सूर बदलत नाहीं. तो गायकास आधार देतो, पण गाण्याच्या अर्थावर आपलें मत देत नाहीं. एवढी निष्ठेची आणि एवढी निर्विकार साथ दुसऱ्या कोणत्याहि वाद्यांत आम्हांस आढळलेली नाहीं. त्या रात्रीं कथेच्या शेजारीं एक तंबोरा वाजत राहिला असता तर आमची तक्रार उरली नसती.

तर मग साथीच्या दोन रीती प्रामाणिक ठरतात. एक तंबोऱ्याची: शब्दास आधार द्यावा आणि आपण मागें राहावें. दुसरी ट्यूडरची: शब्दाशीं आपलें नातें नाहीं हें उघड मान्य करावें आणि आपल्या वाटेनें जावें. तिसरी रीत तेवढी संशयास्पद आहे. ती म्हणजे शब्दाचा अर्थ आपल्यास कळला आहे असें गृहीत धरून, श्रोत्यास तो कळण्यापूर्वींच त्याच्या मनांत तो भाव चेतविणें. साथ करणाऱ्या त्या तरुणास आम्ही लबाड म्हणत नाहीं. त्यास ती कथा खरोखरच लागली असेल. सारंगीचे ते उलटे सूर त्याच्या खऱ्या कळवळ्यांतून आले असतील. परंतु तो कळवळा त्याचा होता. प्रश्न आमच्या कानीं पडण्यापूर्वींच त्यानें आपलें उत्तर मोठ्यानें सांगून टाकलें, आणि मग आमचें उत्तर काय असतें हें आम्हांसहि कधीं कळणार नाहीं. ज्याची त्याला करावयाची ओळख दुसऱ्यानें परस्पर करून द्यावी, यांत जी हानि आहे ती अश्रूंनीं भरून निघत नाहीं.

यावर एक आक्षेप आम्हीं स्वतःच घेतला पाहिजे. वाचणाऱ्याचा कंठ हेंहि एक वाद्यच नव्हे काय? त्याचा कंप, त्याचें थांबणें, त्याचा चढ-उतार यांनींहि श्रोता हलतो. मग कंठास क्षमा आणि यंत्रास दोष, हा न्याय कुठला? ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि सीमारेषा अगदीं स्पष्ट आंखतां येत नाहीं हें आम्ही कबूल करितों. रडवा कंठ काढून वाचणारे लोक आम्हींहि ऐकले आहेत, आणि त्यांच्यापेक्षां यंत्र परवडलें असें वाटलें आहे. तरी एक भेद उरतोच. कंठ कितीहि कांपला तरी तो शब्द उच्चारल्यावांचून पुढें जाऊं शकत नाहीं. तो शब्दास रंग चढवील, पण त्यास नाहींसा करणार नाहीं. साथीचा ध्वनि मात्र शब्द नाहींसा करून त्याच्या जागीं आपण बसूं शकतो, आणि बसला तरी श्रोत्यास तो बदल कळत नाहीं. आमच्या शेजारच्या गृहस्थांस तो कळला, कारण ते प्रामाणिक होते आणि विचारावयास लाजले नाहींत.

मग केजचें काय, असें वाचक विचारतील. त्याच्या प्रयोगांतहि ट्यूडरच्या गडगडाटाखालीं कित्येक वाक्यें बुडून जातात. रस्त्यावर बोलतांना गाडी गेली म्हणजे शब्द हरवतोच, जीवन असेंच आहे, असें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. हा युक्तिवाद आम्हांस अर्धाच मान्य आहे. केजच्या गोष्टी त्यानें स्वतः लिहिलेल्या अगर स्वतः निवडलेल्या होत्या. त्या हरवल्या तर हरवूं द्याव्या, अशी मुभा त्यानें स्वतः दिली होती. आणि नव्वदांपैकीं दहा बुडाल्या तरी उरलेल्या ऐशींतून त्याचें म्हणणें पोंचत होतें. आपल्या घरचें धान्य मनुष्यानें खुशाल पांखरांस उधळावें. परंतु दुसऱ्यानें विश्वासानें ठेवावयास दिलेलें धान्य त्यास तसें उधळतां येत नाहीं. दिवंगत लेखकाचा शब्द ही अशीच एक ठेव आहे. तो उठून हरकत घेऊं शकत नाहीं. ‘येथें जरा हळू, येथें मीं मुद्दाम कांहीं म्हटलेलें नाहीं’ असें तो सांगूं शकत नाहीं. तेव्हां त्याच्या वतीनें सांगण्याचें काम वाचणाऱ्याकडे आणि साथ करणाऱ्याकडे येतें. ज्यांच्या आपत्तीची हकीकत वाचली जाते, ज्यांचीं नांवें वाचलीं जातात, ज्यांचीं पत्रें त्यांच्या पश्चात् उघडलीं जातात, त्यांच्या बाबतींत तर हें कर्तव्य अधिकच कडक आहे. तेथें एक नांव जरी आवाजांत बुडालें तरी तें एका मनुष्याचें नांव असतें.

याचा अर्थ नवे प्रयोग बंद करावे असा मुळींच नाहीं. आमचें म्हणणें फार लहान आहे, आणि तें कोणाहि तरुणास आचरतां येण्यासारखें आहे. स्वतःचा शब्द असेल तर त्याशीं हवा तो खेळ करावा, मात्र खेळ आहे हें श्रोत्यापासून लपवूं नये. शब्द दुसऱ्याचा असेल तर तालमीच्या वेळीं एकदां यंत्र बंद करून तीच कथा नुसती वाचून पाहावी. ज्या ठिकाणीं लेखक गप्प बसला आहे असें दिसेल, त्या ठिकाणीं आपणहि गप्प बसावें. आणि ज्या ठिकाणीं आपल्या ध्वनीवांचून कथा उभी राहात नाहीं असें आढळेल, तेथें ध्वनि वाढविण्यापेक्षां दुसरी कथा निवडावी.

राहतां राहिला त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न. त्याचें उत्तर आम्हीं त्यांस तेथेंच, सभागृहाच्या पायऱ्यांवर उभें राहून दिलें. समोरून बस जात होती, रिक्षावाले भोंगे वाजवीत होते, कोपऱ्यावरचा भाजीवाला ओरडत होता. त्यांपैकीं कोणासहि आमच्या मास्तराची वार्ता नव्हती. गृहस्थांनीं कानामागें हात धरला आणि आमच्याकडे वांकून ऐकलें. आम्हीं सांगितलें कीं मास्तरानें दुसरा पाट उचलून भिंतीशीं उभा केला, दुधाचें भांडें झांकलें आहेसें पाहिलें, आणि दिवा मालवला. 

“पाट उभा करून ठेवला,” ते म्हणाले. मग थोडा वेळ रस्त्याकडे पाहात राहिले. ह्या खेपेस त्यांनीं डोळे पुसले नाहींत. जिन्याचा कठडा धरून ते सावकाश खालीं उतरले, आणि शेवटच्या पायरीवर थांबून, आमच्याकडे न पाहतां, स्वतःशींच पुन्हा एकदां म्हणाले, “भिंतीशीं.”